५एफ१ चॅम्पचं किट: पैसे ट्रान्सफॉर्मरवर घाला, कपॅसिटरवर नको

व्हॉल्व्हचा (म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबचा) गिटार अँप सुटे भाग आणून घरी जोडायचा म्हटलं की बहुतेकांची गाडी शेवटी ५एफ१ पाशी येऊन थांबते, आणि ते योग्यच आहे. फेंडरच्या कॅलिफोर्नियातल्या कारखान्यातून पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात निघालेला हा ट्वीड कापडाचा छोटा चॅम्प. नावातला ५ पन्नासच्या दशकाचा, एफ सुधारित आवृत्तीचा आणि १ चॅम्प मॉडेलचा. मूळ आराखड्यात १२ रेझिस्टर, ६ कपॅसिटर, ३ व्हॉल्व्ह (सिग्नल वाढवणारा १२एएक्स७, स्पीकर हलवणारा ६व्ही६ आणि एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर ५वाय३) आणि २ ट्रान्सफॉर्मर, बस्स. टोनचं बटण नाही, रिव्हर्ब नाही. व्हॉल्यूमच्या नॉबवर आकडे मात्र १२ पर्यंत! ताकद साधारण ५ वॅट.

मोजोटोन, स्टूमॅक यांच्यासारखे अमेरिकी विक्रेते आणि युरोपातली काही दुकानं या आराखड्याची किटं विकतात. आराखडा सगळ्यांचा एकच, त्यामुळे किटाकिटांतला फरक तीनच ठिकाणी दिसतो: ट्रान्सफॉर्मर, चासी (सगळं ज्यावर बसतं तो धातूचा सांगाडा) आणि सूचनापुस्तिका. जाहिरातीत मात्र भर असतो तो ‘विंटेज’ कपॅसिटरवर आणि कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टरवर. कार्बन कॉम्प दिसायला झकास, पण त्यांची खरखर जास्त आणि दमट हवेत त्यांचा रोध (ओहमचा आकडा) सरकतो. कोकणात किंवा मुंबईत अँप राहणार असेल तर मेटल फिल्म घालून मोकळे व्हा. ५ वॅटच्या अँपात डोळे मिटून ऐकणाऱ्याला हा फरक ओळखता येईल असं मला वाटत नाही.

ट्रान्सफॉर्मरचं तसं नाही. किट अमेरिकी बाजारासाठी असेल तर पॉवर ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी (भिंतीकडची गुंडाळी) नुसती १२० व्होल्टची असू शकते. त्यावर ‘स्टेप-डाउन लावा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. पण स्टेप-डाउन व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी नाही. फक्त ६० हर्ट्झसाठी बेतलेला गाभा आपल्या ५० हर्ट्झवर सॅच्युरेशनच्या जवळ जातो, जास्त तापतो आणि गुरगुरतो. म्हणून ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा: प्रायमरीला २३० किंवा २४० व्होल्टचा टॅप (त्या व्होल्टेजसाठी काढलेली तार) आहे का, आणि ट्रान्सफॉर्मर ५०/६० हर्ट्झचा आहे का? २२० आणि २४० असे दोन्ही टॅप असतील तर २४० चा वापरा. भिंतीतून २३५-२४० व्होल्ट येणं आपल्याकडे काही नवलाचं नाही, आणि २२० च्या टॅपवर ते आले की आतली सगळीच व्होल्टेज वर सरकतात. फ्यूजचंही तेच. पुस्तिकेतला १ अँपिअर ११७-१२० व्होल्टसाठी असतो, आपल्याकडे अर्ध्या अँपिअरचा स्लो-ब्लो (क्षणिक धक्का सोसणारा) घालायचा. चालू-बंदचा स्विच व्हॉल्यूमच्या पॉटवरच (नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरवर) असतो. त्यावर २५० व्होल्टचं रेटिंग छापलेलं नसेल तर त्याच्या नादी न लागता मागच्या बाजूला वेगळा टॉगल बसवा.

आता भागांचे आकडे पाहा (के म्हणजे हजार ओहम, मेग म्हणजे दहा लाख; प्लेट, कॅथोड, ग्रिड आणि स्क्रीन ही व्हॉल्व्हची आतली टोकं). इनपुटला ६८ के चे दोन आणि १ मेगचा एक. १२एएक्स७ च्या दोन्ही अर्ध्या भागांना प्लेटवर १०० के आणि कॅथोडला १.५ के. मधले कपलिंग कपॅसिटर ०.०२ मायक्रोफॅरडचे, आता ०.०२२ मिळतात, तेच घालायचे. ६व्ही६ च्या ग्रिडला २२० के, कॅथोडला ४७० ओहम आणि त्यावर २५ मायक्रोफॅरड. स्पीकरकडून दुसऱ्या टप्प्याच्या कॅथोडकडे येणारा फीडबॅकचा रेझिस्टर २२ के चा. डीसी गुळगुळीत करणारे फिल्टर कपॅसिटर १६, ८ आणि ८ मायक्रोफॅरडचे, त्यांच्यामध्ये १० के आणि २२ के. पहिला फिल्टर ‘मोठा तेवढा बरा’ म्हणून ४७ चा घालू नका. ५वाय३ रेक्टिफायरला सुरू होतानाचा तो धक्का सोसत नाही. २२ पर्यंत ठीक. पट्ट्यांचे रंग बघून रेझिस्टर लावण्यापेक्षा प्रत्येक रेझिस्टर मल्टिमीटरवर मोजूनच बोर्डावर ठेवा. पाच पट्ट्यांच्या मेटल फिल्ममध्ये १० के आणि १०० के ची अदलाबदल हमखास होते, आणि मग अँप वाजतो पण मरतुकडा वाजतो.

जोडणीचा क्रम पुस्तिकेत असेल तसा, पण आधी लोखंडी काम उरका: सॉकेट, जॅक, पॉट, ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मर शेवटी लावले की चासी हलकी राहते खरी, पण मग त्यांच्या तारा बोर्डाखालून ओढताना आधीचे सांधे हलतात. तीन पिनी वायरची अर्थिंगची हिरवी तार ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टला नाही, स्वतंत्र बोल्टला, दातेरी वॉशर घालून. फेज आधी फ्यूज होल्डरच्या टोकाच्या टर्मिनलला, तिथून स्विचला, मग प्रायमरीला. जुन्या अँपात दोन पिनी वायर असायची. ‘अस्सल’पणाच्या हौसेपोटी ती परत आणू नका.

हीटरच्या ६.३ व्होल्टच्या दोन तारा घट्ट पिळून चासीच्या कोपऱ्यातून न्यायच्या. ६व्ही६ ला २ आणि ७ नंबरची पिन. १२एएक्स७ ला ४ आणि ५ एकत्र जोडून एक बाजू, ९ दुसरी. मूळ आराखड्यात हीटरची एक बाजू थेट चासीला आहे. ते सोडून १०० ओहमचे दोन रेझिस्टर लावा आणि त्यांचा मधला बिंदू चासीला न देता ६व्ही६ च्या ८ नंबरच्या पिनेला द्या. कॅथोडवरचे १९-२० व्होल्ट हीटरला उचलून धरतात आणि घुंघुं चांगलीच बसते. एका तारेचं काम आहे, पण पुस्तिकांमध्ये क्वचितच सापडतं.

बोर्डावर आयलेट (धातूची कडी बसवलेली भोकं) असतात, एकेका भोकात दोन-तीन पाय आणि एक तार. पहिला पाय घातला की लगेच सोल्डर ओतायचा मोह होतो. तसं केलं की पुढची तार घालताना तोच सांधा पुन्हा वितळवावा लागतो, वरून चकचकीत दिसतो आणि खाली पाय सुटाच राहतो. आधी सगळे पाय भरा, मग ६०/४० सोल्डर एकदाच द्या, आणि बोर्ड उलटा करून खालून सोल्डर डोकावतंय का ते बघा. ड्राय सोल्डरच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. सॉकेटच्या पिना खालून, म्हणजे तारा जोडायच्या बाजूने, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजायच्या. वरून मोजून जोडलेला सॉकेट सगळा उलटा होतो.

पहिल्यांदा करंट देताना फेजच्या वाटेत ४० किंवा ६० वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब सीरिजमध्ये घाला. एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. इथे एक सापळा आहे. बरेच जण आधी फक्त रेक्टिफायर व्हॉल्व्ह लावून व्होल्टेज बघतात. ३२५-०-३२५ च्या सेकंडरीवर लोड नसेल तर फिल्टरवर ४६० व्होल्टपर्यंत चढतात, आणि कपॅसिटर असतात ४५० चे. म्हणून आधी व्हॉल्व्ह न लावता सेकंडरीचे एसी व्होल्ट मोजा, आणि नंतर तिन्ही व्हॉल्व्ह एकदम लावा. ५०० व्होल्टचे फिल्टर मिळाले तर उत्तमच. स्पीकर जोडल्याशिवाय अँप चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाळायचा तो राजमार्ग आहे. आणि बंद केल्यावरही फिल्टरमध्ये ३०० च्या वर व्होल्ट राहू शकतात. मीटरवर शून्याजवळ आल्याशिवाय आत हात घालू नका. एक हात खिशात ठेवायची जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांची सवय इथे उपयोगाची. पहिल्या फिल्टरवर २२० के, २ वॅटचा रेझिस्टर कायमचा जोडला की चार्ज आपोआप उतरतो.

चालू झाल्याबरोबर कर्कश किंचाळी आली तर घाबरू नका. फीडबॅक उलटा लागलाय. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या स्पीकरकडच्या दोन तारांची अदलाबदल केली की थांबते. आवाजच नाही आणि व्होल्टेज बरोबर आहेत, तर संशय इनपुट जॅकवर: आतल्या स्विचची पट्टी चुकीच्या टर्मिनलला असेल तर सिग्नल तिथेच चासीला मिळतो. ६व्ही६ ची प्लेट लाल दिसली तर ५ नंबरच्या पिनेवर डीसी मोजा. तिथे शून्य हवं. पॉझिटिव्ह व्होल्ट दिसले तर कपलिंग कपॅसिटर गळतोय.

५ नंबरला शून्य असूनही व्हॉल्व्ह तापत असेल तर हिशोब करा, कठीण नाही. ६व्ही६ च्या कॅथोडवर १९ व्होल्ट म्हणजे ४७० ओहममधून सुमारे ४० मिलिअँपिअर. त्यातले दोनेक स्क्रीनचे वजा केले तर प्लेटचे ३८. प्लेटवर ३४० व्होल्ट असतील तर कॅथोडपासून ३२१, गुणाकार १२ वॅटच्या किंचित वर. जुन्या डेटाशीटची मर्यादा १२, नंतरच्या मोजणीने १४, म्हणजे गाडी रुळावर आहे. पण प्लेट ३६५ वर आणि कॅथोड २२ वर गेला की तोच आकडा १५ च्या घरात जातो. असं होण्याचं एक नेहमीचं कारण रेक्टिफायर: सोव्हटेकचा ५वाय३जीटी जुन्या अमेरिकी ५वाय३ पेक्षा कमी व्होल्ट खातो, पुढे जास्त सोडतो. मग जेजेचा ६व्ही६एस घ्या, तो दणकट आहे, नाहीतर ४७० च्या जागी ५६० किंवा ६८० ओहमचा ५ वॅटचा रेझिस्टर लावा. त्यावरचा बायपास कपॅसिटर किटमध्ये २५ व्होल्टचा येतो. तो ५० चाच घाला.

आवाजाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण तो किटाचा नाही, आराखड्याचा आहे. गिटारचा पिकअप सिंगल कॉइल असेल तर अर्ध्या व्हॉल्यूमपर्यंत स्वच्छ, मग हळूहळू फाटत जाणारा. दोन कॉइलच्या हमबकर पिकअपला त्याच्या बराच आधी फाटतो. १२ वर बास ढिला पडतो. जोरात वाजवलं की किंचित दबतो आणि पुन्हा उसळतो. ते लोकांना हवंच असतं. पहिल्या टप्प्याच्या १.५ के वर मूळ आराखड्यात कपॅसिटर नाही. तिथे २५ मायक्रोफॅरड लावला तर गेन वाढतो, पण स्वच्छ आवाजाची जागा आकसते. मी लावणार नाही. ५ वॅट म्हणजे बेडरूमचा अँप असा समज असेल तर सोसायटीतले शेजारी तो लवकरच दूर करतील.

किटातला ८ इंची स्पीकर डबाबंद वाजतो. तोच अँप ४ ओहमच्या १२ इंची कॅबिनेटला जोडून बघा, वेगळंच प्रकरण वाटतं. म्हणून इथून मागवणाऱ्यांनी लाकडी कॅबिनेट आणि स्पीकर वगळून घ्यावं. ट्रान्सफॉर्मरच्या वजनामुळेच वाहतूक पुरेशी बसते, वर कस्टम ड्युटी वेगळी. खोकं पाइनच्या फळ्यांतून इथला सुतार करून देईल. सागवान नको, जड होतं. रेझिस्टर, वायर, फ्यूज, सोल्डर लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत मिळतं. उच्च व्होल्टेजचे अक्षीय कपॅसिटर, ऑक्टल सॉकेट आणि व्हॉल्व्ह मात्र किटबरोबरच मागवा, आणि एक जादा ५वाय३ त्याच खोक्यात टाकायला सांगा.