जुन्या लष्करी विमानाचा पंख: सांधायचा, नव्याने बांधायचा की आत लोखंड घालायचे?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या एखाद्या शाळेला, नगरपालिकेला किंवा माजी सैनिकांच्या संघटनेला हवाई दलाचे निवृत्त विमान आवारात उभे करायचे असेल, तर रंगाच्या आधी पंखाचा निर्णय घ्यावा लागतो. समोर तीन मार्ग असतात. पंखात लोखंडी सांगाडा घालून वरून फायबर मारणे, मूळ पंख उघडून रिवेटिंगने (पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळी ठोकून) दुरुस्त करणे, किंवा पंख उड्डाणयोग्य दर्जाने नव्याने बांधणे. विमान उडणार नसेल तर मी मधला मार्ग धरेन. पहिल्या मार्गापासून मात्र कोणालाही परावृत्त करेन, कारण त्यात विमान वाचत नाही.

भाव मागण्याआधी पंखात डोकावून बघा. जुन्या धातूच्या विमानात साधारणपणे २०२४ जातीचे ॲल्युमिनियम असते. त्यात तांबे मिसळलेले असल्यामुळे ते मजबूत असते, पण त्याच तांब्यामुळे लवकर कुजते. म्हणून पत्र्याला दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर दिलेला असतो. पांढरी भुकटी दिसली तर कूज वरवरची आहे, साफ करता येते. पण स्पारच्या, म्हणजे पंखाच्या मुख्य तुळईच्या, कडेला धातू फुगून चिरोट्यासारखे पापुद्रे सुटले असतील, तर तो भाग गेला. खालच्या पत्र्यावर जिथे रिब, म्हणजे पंखाला आकार देणारी फासळी, टेकते तिथे आणि पंख धडाला जोडणाऱ्या फिटिंगपाशी पाणी साचते. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन आधी तिथे बघा.

लोखंडी सांगाड्याचा मार्ग सर्वांत स्वस्त आणि सर्वांत झटपट. फॅब्रिकेशनवाला चॅनेल वेल्ड करून देईल, फायबरवाला वरून गुळगुळीत करून देईल, उद्घाटनाची तारीख गाठली जाईल. अडचण पहिल्या पावसाळ्यानंतर सुरू होते. ॲल्युमिनियमला लोखंड टेकले आणि मध्ये ओल आली की ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्ले जाते. पुट्टी आणि फायबर ओल आत कोंडून ठेवतात, शिवाय पाणी निघून जाण्यासाठी पंखाच्या खालच्या बाजूला ठेवलेली बारीक भोकेही त्यात बुजतात. बाहेरून चकचकीत दिसणारा पंख आतून कुजत राहतो आणि ते कळते तेव्हा मूळ स्पार हातात येत नाही. वजन पेलायला आधार हवाच असेल तर तो पंखाखाली बाहेरून द्या, टेकणाऱ्या जागी रबर किंवा नायलॉन घालून. तो दिसतो, पण पुढे काढता येतो.

मूळ पंख दुरुस्त करण्यात वेळ जातो तो कापण्या-जोडण्याच्या आधी. पंख लाकडी किंवा लोखंडी पाळण्यात, म्हणजे जिगमध्ये, नीट टेकवल्याशिवाय एकही पत्रा काढायचा नाही. पंखाची ताकद पत्रा, रिब आणि स्पार मिळून असते. वरचा-खालचा पत्रा एकदम काढला तर पंख पिळतो आणि तो पीळ पुढे निघत नाही. जुना रिवेट काढताना डोक्याच्या मध्यावर एक साइज लहान ड्रिल धरायचे, डोके उडवायचे आणि मागून आधार देऊन दांडा पंचने बाहेर काढायचा. घाईत भोक लांबट झाले तर पुढच्या साइजचा रिवेट लागतो. कडेपासून रिवेटच्या व्यासाच्या दुप्पट अंतर उरले नाही तर तो पत्राच बदलावा लागतो. नवा रिवेट बसवताना एक जण रिवेट ठोकणारी गन धरतो, दुसरा मागून डॉली, म्हणजे ठोका झेलणारा धातूचा ठोकळा. १/८ इंची रिवेटचे मागचे डोके साधारण ३/१६ इंच रुंद आणि १/१६ इंच उंच दाबले गेले पाहिजे. हे गेजने मोजता येते, म्हणून मोजूनच घ्या.

एक गोष्ट कंत्राटात लिहूनच घ्या: ग्राइंडर आणि स्टीलचा वायरब्रश पंखाला लावायचा नाही. वरचा शुद्ध ॲल्युमिनियमचा थर त्याने खरवडला जातो आणि साफ केलेला भाग न केलेल्यापेक्षा लवकर कुजतो.

तिसरा मार्ग खऱ्या उड्डाणाचा. त्यात नवा स्पार, मान्यताप्राप्त धातू, प्रत्येक भागाचे कागद आणि डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, परवानगी लागते. काही रिवेट सुमारे ४९५ अंश सेल्सियसवर तापवून पाण्यात विझवतात आणि ते कडक होऊ नयेत म्हणून फ्रीजरमध्ये ठेवतात; बाहेर काढल्यावर काही मिनिटांतच ठोकावे लागतात. एवढी काटेकोरी उगाच नाही. २००५ मध्ये अमेरिकेत हार्वर्ड जातीच्या एका जुन्या प्रशिक्षण विमानाचा पंख हवेत तुटला. पंख जोडणाऱ्या अँगलला थकव्याची चीर गेली होती. त्यानंतर तिथे या अँगलची डाय, म्हणजे चिरेत शिरून ती दाखवणारा रंगद्रव, टाकून तपासणी सक्तीची झाली. विमान आवारातच उभे राहणार असेल तर या मार्गावरचा खर्च मला पटत नाही.

टायगर मॉथ या जुन्या प्रशिक्षण विमानासारखा लाकडी पंख असेल तर गणित वेगळे. तिथे स्प्रूस लाकडाचे स्पार आणि वर कापड असते, आणि सांध्यातला डिंक हीच खरी चिंता. १९४४ च्या अखेरीस भारतात मॉस्किटो या लाकडी विमानांचे पंख निकामी होऊन अपघात झाले आणि उड्डाणे थांबवावी लागली होती. असे विमान आपल्याकडे उघड्यावर ठेवूच नये.

धातूच्या विमानालाही जागा बघून मार्ग ठरतो. अथणीच्या कोरड्या हवेत दुरुस्त पंख उघड्यावर बरीच वर्षे टिकेल. खानापूरच्या पावसात वर शेड नसेल तर दुरुस्तीचा पैसा वाया जाईल. पैसे कमी असतील तर खानापूरकरांनी आधी शेड बांधावी, पंख नंतर उघडावा.

कारागिरी आपल्याकडे आहे. उद्यमबागेत पत्र्याचे आणि मशीनिंगचे हात आहेत, हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनतात, सांबऱ्याला हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. निवृत्त एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचे काम करणारा, भेटला तर त्याला देखरेखीला बसवा. पंखाच्या कामात तो दहा वेल्डरांना भारी पडतो. आणि विमान एचटी-२, म्हणजे भारतीय बनावटीचे प्रशिक्षण विमान, असेल तर जास्तच जपा. १९५१ मध्ये उडालेल्या या विमानाचे रचनाकार डॉ. वि. मा. घाटगे संकेश्वरच्या पलीकडल्या, गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरचंपूचे. तो स्पार बदलून फायबर लावणे मला पाहवणार नाही.

काम देताना तीन गोष्टी मागा. शेवटचा पत्रा बंद करण्याआधीचे आतले फोटो, बदललेल्या भागांची यादी जुन्या तुकड्यांसह, आणि खालच्या बाजूला स्क्रूने उघडणारी झाकणे. दर पावसाळ्यानंतर ती झाकणे उघडून आत बघायचे काम संस्थेतल्या एका माणसाच्या नावावर टाका.