दुबई चॉकलेट की शेंगापोळी?

२०२३ च्या अखेरीस एका व्हिडिओमुळे जगभर गाजलेलं दुबई चॉकलेट परवा लेकीच्या हट्टापायी सोलापुरात सात रस्त्याजवळून आणलं. आत पिस्त्याचं क्रीम आणि लोण्यात परतलेल्या कुनाफ्याच्या (एक अरबी गोड पदार्थ) शेवया. त्या कुरकुरीत हव्यात. आमच्या वाट्याला ओलसर आल्या. पिस्त्याआधी साखरच जिभेला लागली. लेकीचा चेहरा पडला, फार वाईट वाटलं.

शेंगापोळीत काय, दाण्याचं कूट, गूळ, वेलदोडा. पण दाणे खमंग भाजलेले असतात! सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, संक्रांतीला आई करते, तेव्हा कडेनं सुटलेला गूळ तव्यावर चरचरतो आणि घरभर वास सुटतो. आठ दिवसांनीही पोळी खुसखुशीतच. वर साजूक तूप हवंच.

मला तरी शेंगापोळीच. लेकीनंही चॉकलेट अर्धं ठेवून पोळीचा डबा उघडला.