रस्त्याची फाईल नसेल तर: बीम की कोन?
उपनगरातल्या रस्त्याची जुनी फाईल मागायला गेलो की बहुतेकदा हात हलवत परत. मग खाली कोणते थर, किती मजबूत, ते रस्त्यालाच विचारायचं.

बेंकेलमन बीम म्हणजे रस्ता किती दबतो ते मोजणारी लांब दांडी. तिला भरलेला ट्रक लागतो, मागच्या आसावर 8,170 किलो. ट्रक पुढे सरकला की दबलेलं डांबर किती वर येतं ते दिसतं. दोष कुठल्या थरात, ते नाही.

डीसीपी (डायनॅमिक कोन पेनिट्रोमीटर) म्हणजे रस्त्यात ठोकून उतरवायची सळई. वर 8 किलोचा हातोडा, 575 मिलिमीटरवरून सोडायचा. खाली 60 अंशांचं शंकूसारखं टोक, तोच कोन. दोन माणसं, एक वही. खडी संपून काळी माती लागली की दर ठोक्याला कोन किती खाली गेला, तो आकडा एकदम उडी मारतो. मोठा दगड आडवा आला तर मात्र बोंबललं!

कोल्हापुरात उसाच्या ट्रॉल्यांनी दबलेल्या रस्त्याला माझं मत कोनालाच. फक्त पावसाळा सरताच ठोका. उन्हाळ्यात काळी माती सुकून कडक होते, उगाच भाव खाते.