केटीएमचा मालक बदलला, गाडीवाल्याचं काय? 390 अ‍ॅडव्हेंचर एक्सचा वापरानंतरचा अनुभव

2025 च्या उन्हाळ्यात मी केटीएमची 390 अ‍ॅडव्हेंचर एक्स ही मोटरसायकल घेतली, तेव्हा ऑस्ट्रियातली मूळ कंपनी अजून पैशांच्या जुळवाजुळवीत अडकलेली होती. आज ती बजाजच्या ताब्यात आहे. गाडी माझ्या दारात उभी असतानाच तिच्या कंपनीचा मालक बदलला. त्यामुळं अंबाजोगाईत चहाच्या टपरीवर गाडी लावली की पहिला प्रश्न मायलेजचा येत नाही. "काय हो दादा, तुमची कंपनी बुडाली म्हणं. आता पार्ट कुठून आणायचे?" हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की नीट बसून उत्तर लिहावं असं वाटलं. गाडी कशी चालते तेही सांगतो, पण आधी हेच.

झालं ते असं. 29 नोव्हेंबर 2024 ला केटीएम एजीनं ऑस्ट्रियात दिवाळखोरी कायद्याखाली पुनर्रचनेचा अर्ज केला. सोबत तिच्या दोन उपकंपन्या होत्या. ऑस्ट्रियातल्या मॅटिगहोफेनचा तिचा मुख्य कारखाना डिसेंबरात थांबला. फेब्रुवारी 2025 मध्ये ज्यांचे पैसे कंपनीकडं अडकले होते त्यांनी थकीत रकमेच्या 30 टक्के घेऊन बाकीचं सोडायचं मान्य केलं, पण तेवढे पैसेही कंपनीकडं नव्हते. ते बजाजनं उभे केले. मे महिन्यात 80 कोटी युरोंची एकूण योजना जाहीर झाली, युरोपातल्या परवानग्या मिळाल्या आणि नोव्हेंबर 2025 मध्ये ताबा बजाजकडं आला. 1992 पासून जी कंपनी ऑस्ट्रियाचे उद्योजक स्टेफान पिअरर यांच्या हातात होती, तिच्या वरच्या कंपनीचं नावच आता बजाज मोबिलिटी झालंय. 1992 चा उल्लेख मुद्दाम केला. त्याच्या आदल्या वर्षीही केटीएम बुडाली होती आणि त्या बुडण्यातूनच पिअरर यांनी ती उचलली होती. म्हणजे या ब्रँडनं हे दिवस पहिल्यांदा बघितलेले नाहीत.

आता आपल्याकडचं बघा. बजाजनं केटीएममध्ये पहिला हिस्सा घेतला 2007 मध्ये, साडेचौदा टक्के. 200 ड्यूक आपल्याकडं आली 2012 मध्ये आणि पहिल्या दिवसापासून ती चाकणलाच बनते. जानेवारी 2023 मध्ये चाकणमधून दहा लाखावी केटीएम बाहेर पडली. आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या 200, 250, 390 या सगळ्या चाकणच्या. एवढंच नाही, जगभर विकल्या जाणाऱ्या बहुतेक छोट्या केटीएमही इथूनच जातात. दिवाळखोरीचा अर्ज झाला तो ऑस्ट्रियातल्या कंपन्यांचा. भारतातली विक्री, सुटे भाग, वॉरंटी हा कारभार आधीपासून बजाज ऑटोच पाहत होती. म्हणून टपरीवरच्या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे: जी कंपनी अडचणीत आली तिनं माझी गाडी बनवली नव्हती, आणि जिनं बनवली तीच आता मालक आहे.

हे मला कागदावरून कळलेलं होतं, पण पटलं ते एका पुड्यावरून. 2025 च्या सप्टेंबरात आमच्याकडं काय पाऊस झाला ते सगळ्यांनी बातम्यांत बघितलंय. बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, कुठंच शेतं दिसत नव्हती, नुसतं पाणी. पाऊस ओसरल्यावर मी केज तालुक्यातल्या एका नातेवाइकांकडं निघालो होतो. डांबरी सोडून गाडीवाटेला लागलो आणि काळ्या मातीत गाडी आडवी झाली. वेग नव्हताच, मला काही लागलं नाही, पण पुढच्या ब्रेकचा लिव्हर टोकाला मोडला. दोन बोटांपुरता उरला होता, त्याच्यावर कशीबशी गाडी घरी आणली.

आमच्या गावात अधिकृत सर्व्हिस सेंटर नाही, शेजारच्या मोठ्या शहरात जावं लागतं. तिथल्या काउंटरवरच्या मुलानं कॉम्प्युटरकडं न बघताच सांगितलं, "सर, कंपनी विकली ना, माल येईना झालाय." आठवड्यानं परत फोन केला, तेच. त्यानंतर दुसऱ्या शहरातल्या काउंटरला फोन लावला आणि गाडीचं मॉडेल, साल आणि चेसिस नंबर सांगितला. त्या माणसानं फोन धरूनच कपाट उघडलं आणि म्हणाला, "आहे, दोन आहेत." ओळखीच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडून मागवून घेतला. प्लास्टिकचा पारदर्शक पुडा, त्याच्यावर पार्ट नंबर, छापील किंमत आणि पत्ता बजाज ऑटो, आकुर्डी, पुणे. ऑस्ट्रियाचा ऑ सुद्धा नव्हता. लिव्हर घरीच बसवला, एक बोल्ट आणि थोडं ग्रीस, संपला विषय.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालं. मालकी बदलल्याचा खरा त्रास गाडीवाल्याला कारखान्याकडून होण्याआधी काउंटरवरून होतो. माल मागवायचा कंटाळा असला, पैसे अडकवायचे नसले, की "कंपनी विकली" हे वाक्य हाताशी असतं. ते ऐकून परत फिरू नका. पार्ट नंबर मागा, कॉम्प्युटरवर साठा बघायला लावा, ऑर्डर टाकून तिची पावती घ्या. पावती मागितली की बोलणं बदलतं.

सगळ्या मालकीबदलांना एकाच मापानं मोजूही नये. आपल्या आईवडिलांच्या पिढीनं हीरो होंडाचा काडीमोड बघितला. डिसेंबर 2010 मध्ये जाहीर झाला, होंडानं आपला 26 टक्के हिस्सा सोडला, नाव हीरो मोटोकॉर्प झालं. तेव्हाही गावोगाव हीच चर्चा होती की आता इंजिनचं कसं होणार. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात आज जाऊन बघा, हीरो होंडाचं नाव असलेल्या जुन्या स्प्लेंडर दुधाच्या कॅनसकट पळतायत आणि प्रत्येक फाट्यावर त्यांचा पार्ट मिळतो. कारण कारखाना चालू राहिला, गाडी चालू राहिली. हार्लेचं उलटं झालं. 2020 मध्ये त्यांनी हरियाणातला बावलचा कारखानाच बंद केला. विक्री आणि सर्व्हिस हीरोनं हातात घेतली म्हणून स्ट्रीट 750 वाले पूर्ण उघड्यावर पडले नाहीत, पण मॉडेल तिथंच संपलं. तिसरी तऱ्हा जावा-येझदीची. म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला, 2018 मध्ये जावा हे नाव नव्या मालकांनी परत आणलं. नाव आलं, पार्ट नाही आले. जुनी टू-स्ट्रोक ज्याच्याकडं आहे त्याला नव्या फोर-स्ट्रोक जावाच्या इंजिनातलं काहीच कामाला येत नाही. आमच्याकडच्या जुन्या मिस्त्रींनी त्या गाड्या भंगारातून पार्ट जमवून जगवल्या.

म्हणून ब्रँडच्या विक्रीची बातमी आली की मी तीन गोष्टी बघतो. गाडी बनते तो कारखाना चालू आहे का? ते इंजिन पुढच्या मॉडेलांत राहणार आहे का? सर्व्हिसचं जाळं कुणाच्या हातात आहे? नव्या मालकाचं नाव कितीही मोठं असलं तरी ते या तिघांनंतर. केटीएमच्या छोट्या गाड्यांना या तिन्ही प्रश्नांची उत्तरं आज तरी चांगली आहेत. मोठ्या, बाहेरून येणाऱ्या केटीएम ज्यांच्याकडं आहेत त्यांचं वेगळं. त्यांचे पार्ट युरोपातून येतात, आणि तिथला कारखाना डिसेंबर 2024 पासून पुढच्या काही महिन्यांत दोनदा थांबला होता. त्यांनी काळजी केली तर ती रास्त आहे.

बजाजबद्दल मराठवाड्यातल्या माणसाला आपलेपणा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. 1985 मध्ये वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि आमच्या भागातल्या कितीतरी घरांत पहिला महिन्याचा पगार त्याच्यामुळं आला. माझ्या सख्ख्या मामांनी तिथं लाइनवर आयुष्य काढलं. केटीएमची बातमी आली तेव्हा त्यांनी फोन करून विचारलं, "आपल्यावाल्यांनी घेतली का रे?" तो आनंद मलाही झाला. पण आपलेपणानं पार्ट येत नाहीत, आणि बजाजचा इतिहास दोन्ही बाजूंनी वाचायला हवा. कावासाकीशी त्यांची कित्येक वर्षांची सोबत होती, कावासाकीच्या निन्जा बाइक बजाजच्याच शोरूममध्ये मिळायच्या. 2017 मध्ये ती सोबत संपली आणि निन्जावाल्यांना दुसरं दार शोधावं लागलं. जुनी पेट्रोलवरची चेतक स्कूटर बंद केली तीही पार घराघरात असताना. धंद्याचा निर्णय घ्यायचा झाला की ही कंपनी मागं बघत नाही.

मला खरी धास्ती आहे ती संशोधनाची. माझ्या गाडीचं 399 सीसी इंजिन चाकणला जुळतं, पण त्याची आखणी मॅटिगहोफेनच्या इंजिनिअरांची आहे. तिथं बरीच माणसं कमी झालीयत आणि युरोपातला खर्च आणखी उतरवण्याचं बजाज ऑटोचे राजीव बजाज उघडपणे बोलले आहेत. कारखान्याचा खर्च कापा, कचेऱ्यांचा कापा, पण चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ही गाडी जशी उचलते ते ज्या माणसांच्या डोक्यातून आलं, त्यांना जपा. ते गेले तर पाच-सात वर्षांनी येणारी केटीएम नुसती नारिंगी रंगाची पल्सर होईल. पल्सर चांगलीच गाडी आहे, पण मी जादाचे पैसे मोजले ते या फरकासाठी.

आता गाडीबद्दल. 46 पीएस ताकद, 39 एनएम टॉर्क, पुढं 19 इंची आणि मागं 17 इंची अलॉय चाक, सीट 825 मिलिमीटर उंच, टाकी साडेचौदा लिटरची. बाकी आकडे कुठंही मिळतील. आमच्या भागाला लागू काय ते सांगतो. बीड-धाराशिव हायवेवर शंभरच्या आसपास ती तासन्‌तास बसते आणि हातात वळवळ येत नाही. मांजरसुंब्याच्या घाटात ट्रकला ओव्हरटेक करायला गिअर पाडावा लागत नाही असं नाही, पाडावा लागतो, पण पाडला की काम होतं. परळीकडं उतरताना ब्रेकवर पूर्ण भरवसा वाटतो. खड्ड्यांत एक्सचं सस्पेंशन पुरेसं आहे. वरच्या मॉडेलचं अ‍ॅडजस्टेबल येतं, पण माझा रस्ता नव्वद टक्के डांबरी, मला ते पैसे देण्याची गरज वाटली नाही. मायलेज माझ्या हातात अठ्ठावीसच्या आगेमागे, हायवेला थोडं जास्त.

मराठवाड्यात या गाडीचा खरा शत्रू माती आहे. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॉल्यांच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते. दव पडलेल्या सकाळी तीच माती उडून रेडिएटरच्या जाळीत बसते आणि दुपारी वाळून सिमेंटसारखी होते. मग पंखा सारखा चालू राहतो. बरेच जण वॉशिंगवाल्याकडं नेऊन जोराच्या पाण्यानं मारतात, त्यानं जाळीच्या पात्या वाकतात. मी रात्री गाडी गार झाल्यावर ओलं फडकं टाकून ठेवतो, माती मऊ पडली की मागच्या बाजूनं साध्या नळीचं पाणी सोडतो आणि दात घासायच्या मऊ ब्रशनं वरून खाली हलकं ओढतो. कूलंटची पातळी मार्चच्या सुरुवातीलाच बघून घ्यावी. मे महिन्यात 42-43 अंशांत बघण्यात काही राम नाही. चेन पावसाळ्यात प्रत्येक मोठ्या फेरीनंतर धुऊन ल्यूब करावी लागते, आमची माती चेनीला सोडत नाही.

मालक बदलल्यावर गाडीत काही फरक पडला का, असंही विचारतात. माझ्या गाडीत काय पडणार, ती आधीच बनलेली होती. सर्व्हिसमध्ये ऑइल तेच, वॉरंटीचं पुस्तक तेच. जुन्या गाडीच्या बाजारात मात्र फरक पडलाय. दिवाळखोरीच्या बातमीचा धाक दाखवून एजंट लोक केटीएमवाल्यांना पाडून भाव सांगतायत. मलाही एकानं सांगून बघितला. या भीतीपोटी कुणी गाडी देऊ नका. ज्यांना घ्यायची आहे त्यांच्यासाठी मात्र ही चांगली वेळ आहे, फक्त सर्व्हिसची नोंद आणि चेन-स्प्रॉकेट बघून घ्या.

नवी घ्यायची असेल तर मालकीपेक्षा कराचा हिशोब जास्त महत्त्वाचा. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंत जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि त्याच्या वर 40 टक्के झाला. माझा मावसभाऊ रोज अंबाजोगाई ते लातूर ये-जा करतो, त्याला मी 250 अ‍ॅडव्हेंचर बघायला सांगितलीय. रोजच्या त्या रस्त्याला तिचं इंजिन पुरतं आणि कराचा फायदाही मिळतो. बुकिंग करताना शोरूमला ब्रेक पॅड, क्लच केबल आणि दोन्ही लिव्हर साठ्यात आहेत का ते कॉम्प्युटरवर दाखवायला लाव, असंही सांगून ठेवलंय. जिथं दाखवतील तिथूनच तो गाडी घेणार आहे, मग ते शहर वीस-पंचवीस किलोमीटर लांब पडलं तरी.