कादंबरी पडद्यावर: सिनेमा का वेबसिरीज?

लातूरचा भाचा विचारायलाय, "मामा, गावाकडची जुनी कादंबरी घेतलीय. सिनेमा करू का वेबसिरीज?"

हक्कांचं दोन्हीकडं सारखंच. लेखक वारल्यावर 60 वर्षं वारसांची परवानगी लागते. खर्चात सिनेमा हलका. महिनाभर वाडा अन् बैलजोडी सांभाळली की झालं. सिरीजला तीच बैलजोडी तीन महिने, त्यात पाऊस पडून रान हिरवं झालं की दुष्काळ दाखवायचा कुठून?

बोलीचं मात्र उलटं. 'काय करायलास' कानात बसायला वेळ लागतो, तो सिरीजच देते.

'बनगरवाडी' 1955ची, सिनेमा 1995चा. कादंबरी सडपातळ, म्हणून मावली. तुझी चारशे पानांची, तीन पिढ्यांची असेल तर सिरीज कर. एकाच उन्हाळ्याची गोष्ट असेल तर सिनेमा.