खानदेशातली निवासी ज्युनिअर कॉलेजं: फ्लेक्स नंतर वाचा, आधी हॉस्टेल बघा

दहावीचा निकाल लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या एस.टी. स्टँडबाहेर फ्लेक्स लागतात. अकरावी-बारावी, नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा), सीईटी (राज्याची इंजिनिअरिंग-फार्मसीची प्रवेश परीक्षा), हॉस्टेल, मेस, सगळं एकाच आवारात. या सोयीचं हे परीक्षण आहे. नाव कुणाचंच घेतलेलं नाही, कारण गुण आणि दोष बहुतेक ठिकाणी सारखेच आहेत.

शिकायला घर सोडून राहणं खानदेशाला नवं नाही. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळत होते. मुलांच्या खोल्या झाडणं, आजारी मुलाच्या उशाशी बसणं हे ते स्वतः करत. मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक चालवलं आणि 1928 मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक काढलं. पुढे 1945 मध्ये त्याच गावात प्रताप कॉलेज उभं राहिलं. 1975 च्या सुमारास दहा अधिक दोनचा आकृतिबंध आला, ज्युनिअर कॉलेजं निघाली, आणि प्रवेश परीक्षांचं वजन वाढलं तसा क्लास कॉलेजच्या आत आला. मात्र छात्रालय सांभाळणारा माणूस या वाटेत बऱ्याच ठिकाणी हरवला. आज त्या जागी रजिस्टर आणि कुलूप सांभाळणारा रखवालदार दिसतो. वर्ग दिवसाचे सात तास चालतात, उरलेले सतरा तास मूल हॉस्टेलवर असतं. म्हणून गुण द्यायचे तर आधी हॉस्टेलला.

शिकवण्याची बाजू बहुतेक ठिकाणी मेहनतीची आहे, पण एक गाठ नेहमी बसते. बारावीचा पेपर बालभारतीच्या पुस्तकांवर, नीट एनसीईआरटीवर, आणि सीईटीत अकरावीचा वाटा साधारण 20 टक्के, बारावीचा 80. तिन्हींची तयारी एकाच वर्गात होते. नीटला 180 मिनिटांत 180 प्रश्न, बरोबरला 4 गुण, चुकीला 1 वजा. सीईटीला वजा गुण नाहीत. गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत, भौतिक-रसायनचे मिळून 100 प्रश्नही 90 मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. नीटच्या सवयीनं मूल सीईटीत प्रश्न कोरे सोडतं आणि हाती येणारे गुण घालवतं. सीईटीच्या सवयीनं नीटमध्ये अंदाजे गोळे रंगवतं आणि मिळवलेले गुण कापून घेतं. चांगलं कॉलेज डिसेंबरनंतर दोन्ही सराव वेगळ्या दिवशी घेतं. शिवाय सीईटी आणि जेईई संगणकावर होतात. सराव फक्त ओएमआरवर, म्हणजे गोळे रंगवायच्या कागदावर होत असेल तर संगणक कक्ष उघडून दाखवायला सांगा. माऊसवर धूळ असेल तर उत्तर तिथेच मिळालं.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचे पहिले दोन महिने सगळ्यात अवघड जातात. त्याला विषय कळतो, पण प्रश्नातलं इंग्रजी कळत नाही. पहिल्याच महिन्याच्या चाचणीवरून बॅचेस पाडल्या की असं मूल खालच्या बॅचमध्ये जातं, आणि तिथे बऱ्याचदा नवखे शिक्षक असतात. बॅच कधी पाडता, वर कधी चढवता, शिक्षक फेब्रुवारीपर्यंत तेच राहतात का, हे तीन प्रश्न प्रवेशाआधी विचाराच.

प्रयोगशाळेकडे पालक बघत नाहीत. भौतिक, रसायन, जीवशास्त्र प्रत्येकी 70 लेखी आणि 30 प्रात्यक्षिक. काही ठिकाणी प्रवेश कागदोपत्री दुसऱ्याच कॉलेजात असतो आणि मूल क्लासमध्येच बसतं. मग जर्नल जानेवारीत एका रात्री उतरवलं जातं आणि ब्युरेट हातात धरता येत नाही. अकरावीचा प्रवेश 2025 पासून राज्यभर ऑनलाइन झाला आहे. आपला अर्ज नेमक्या कुठल्या कॉलेजच्या नावावर गेला ते स्वतः वाचा. जात पडताळणीचा अर्जही अकरावीतच टाका. सीईटीच्या निकालानंतर धावपळ करून ते प्रमाणपत्र हाती येत नाही.

मेस. इथे कॉलेजं सगळ्यात कमी पडतात. भाकरी-ठेच्यावर वाढलेल्या मुलाला दोन वेळा रबरासारखी पोळी आणि पाणीदार डाळ मिळाली की ते आठ दिवसांत बिस्किटांवर येतं. मेस ठेकेदाराकडे असेल तर निदान रात्री ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी मिळते का ते बघा. रविवारी दुपारी बहुतेक ठिकाणी वरण-बट्टी असते आणि मुलं तिची आठवडाभर वाट बघतात. पण त्याच दिवशी 2 वाजता चाचणी असते. तुपात चुरलेली बट्टी आणि वर घोटलेली वांग्याची भाजी पोटात गेल्यावर तिसऱ्या पानाशी माना डुलायला लागतात. चाचणीची वेळ योग्य आहे, 2025 ची नीटही रविवारी दुपारी 2 ते 5 होती. दुपारी मऊ खिचडी-कढी द्या आणि बट्टी रात्री ठेवा. एवढ्या बदलाला पैसा लागत नाही.

खोली एप्रिलमध्ये, दुपारी तीनला बघा. जूनमध्ये सगळ्या खोल्या छान दिसतात. भुसावळचा पारा 45 च्या पुढे जातो. वरच्या मजल्यावर स्लॅबखाली सहा खाटा आणि एक कूलर असेल, त्यातही टाकीला पाणी नसेल, तर शेवटच्या महिन्यातली उजळणी वाया जाते. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे पात्र समुपदेशक हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2025 मध्ये सांगितलं आहे. तो कुठल्या वारी बसतो, हे ऑफिसला न विचारता मुलांना विचारा.

फोनची वेळ दुपारी 4 ते 5 ठेवणारी हॉस्टेलं आहेत. तेव्हा आई-बाप शेतात असतात. ती सातनंतर हवी. रात्रीच्या फेरीत "जेवना का रे?" असं अहिराणीत विचारणारा वॉर्डन असला की घरची आठवण काढून बॅग भरणारी निम्मी मुलं थांबतात. होळी बारावीच्या परीक्षेच्या आसपास येते, पण अकरावीच्या पावरा-भिल्ल मुलांना होळीची सुट्टी मिळालीच पाहिजे. त्यांचा तो वर्षाचा सण आहे. सुट्टी नाकारली तर मूल जातंच, आणि मग परत येताना बिचकतं.

फी एकरकमी जूनमध्ये मागतात, तेव्हा घरातला पैसा बियाण्यात आणि खतात गेलेला असतो. कापूस दिवाळीच्या सुमारास विकतो, तेव्हाचा हप्ता लेखी ठरवा. कॉलेज, क्लास आणि हॉस्टेलच्या पावत्या वेगवेगळ्या घ्या. केंद्र सरकारच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मधेच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी, हॉस्टेल-मेससह, 10 दिवसांत परत मिळायला हवी. एकच मोघम पावती असेल तर तो हिशोब मांडताच येत नाही.

घर जळगाव किंवा धुळे शहरात असेल तर हॉस्टेल घेऊ नका, क्लास पुरतो आणि घरचं जेवण मोठी गोष्ट आहे. धडगाव, अक्कलकुवा किंवा यावलच्या पाड्यावरून येणाऱ्या मुलाला मात्र ही सोय खरंच लागते. त्याच्यासाठी निवडताना एका मंगळवारी संध्याकाळी न कळवता जा आणि मेसच्या रांगेत मुलांबरोबर जेवा.