माहेर निपाणीचं असलं तरी अधिवास दाखला मिळतो

लेकीचा जन्म माझ्या माहेरी, निपाणीत. शाळा मात्र पहिलीपासून कोल्हापुरातच. इंजिनिअरिंगला महाराष्ट्राच्या कोट्यातून अर्ज करायचा तर दहावी-बारावी इथली लागते, शिवाय जन्म महाराष्ट्रातला नसेल तर अधिवास दाखला. एका केंद्रात जन्मगाव निपाणी वाचूनच "तिकडं कर्नाटकात काढा" म्हणून वाटेला लावलं. फार संताप आला.

राजारामपुरीतल्या महा ई-सेवा केंद्रातल्या ताईंनी मात्र सगळे कागद नीट वाचले. "जन्म कुठं का असंना वहिनी, इथं १५ वर्षं राहिल्याचा पुरावा जोडूया," म्हणाल्या. रेशन कार्ड, जुनी लाइट बिलं, शाळेचे बोनाफाईड, स्वयंघोषणापत्र, सगळं वर्षांच्या क्रमानं लावून घेतलं. आधारवर वडिलांच्या नावापुढं 'राव' आहे, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नाही, हेही त्यांनीच पकडलं. तसाच अर्ज गेला असता तर त्रुटी निघून परत आला असता.

सरकारी दराचा फलक दारातच आहे, वर एक रुपया मागितला नाही. पावती जपून ठेवा. लोकसेवा हक्क कायदा, २०१५ प्रमाणं मुदतीत दाखला आला नाही तर अपील करता येतं. आमचा तहसीलदारांच्या डिजिटल सहीनिशी वेळेत आला.

जागा फार चिंचोळी, बसायला दोनच खुर्च्या. जूनमध्ये रांग रस्त्यावर येते. सीमाभागात माहेर असलेल्या बायकांनी मुलांचा दाखला दहावी झाल्याबरोबर काढून घ्यावा.